दुसरा नमुना

अंडाशयाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना पहिल्या नमुन्याची ददात नसते. शस्त्रक्रियेत गाठ निघते, पॅथॉलॉजीत जाते, फॉर्मेलिनमध्ये मुरते, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसते आणि नंबर लावून पुढची कित्येक वर्षं खणात पडून राहते. हवा तेव्हा खण उघडा, पातळ काप घ्या, डीएनए काढा. अडचण दुसऱ्या नमुन्याची. रोग उलटल्यावर पोटात जी गाठ असते तिचा तुकडा सहसा कुणी काढत नाही, आणि त्यात कुणाला दोष देण्यासारखंही काही नाही. स्कॅनवर दिसतंय, मार्कर चढलाय, पोटात पाणी भरतंय. पुढची केमो ठरवायला डॉक्टरांना बहुतेक वेळा तेवढं पुरतं. आधीच खचलेल्या बाईच्या पोटात केवळ संशोधनासाठी सुई कोण घालणार? पण आम्हाला समजून घ्यायचा असतो तो नेमका उलटलेला रोग. प्रश्न दोन वर्षांनंतरचा आणि पुरावा पहिल्या दिवसाचा, अशा अवस्थेत हे क्षेत्र फार काळ चाललं आहे. मीही त्यातच वाढले.

या रोगाचा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त जीव घेणारा प्रकार म्हणजे ‘हाय-ग्रेड सिरस’. नाव अंडाशयाचं असलं तरी बऱ्याच जणींत त्याची सुरुवात गर्भनलिकेच्या टोकाच्या झालरीत होते, हे अलीकडच्या दोन-अडीच दशकांत ध्यानात आलं. भारतात दरवर्षी ४५,००० हून जास्त बायकांना अंडाशयाचा कर्करोग होतो, आणि बहुतेकींचं निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर होतं. कारण लक्षणं कुणाच्याही घरात असतात तीच: पोट फुगणं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटणं, गॅस. पित्ताच्या गोळ्या खाण्यात महिने जातात. घरचे म्हणतात, वय झालं, पोट सुटलं. सोनोग्राफी होते तोवर आतड्यांवर पसरलेला चरबीचा पदर, ज्याला ओमेंटम म्हणतात, तो गाठींनी घट्ट झालेला असतो.

एवढं असूनही पहिला उपचार लागू पडतो. शस्त्रक्रिया, जोडीला कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेलच्या साधारण सहा सायकल. हजारांत असलेला सीए-१२५ हा रक्तातला मार्कर पस्तिसाच्या खाली येतो. केस परत येतात, बाई ओपीडीत पेढे घेऊन येते. आणि तरीही पुढच्या टप्प्यावर निदान झालेल्या शंभरातल्या सत्तरेक जणींत, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, रोग उलटतो. स्कॅनला न दिसणाऱ्या मूठभर पेशी तग धरून राहिलेल्या असतात.

इथे एक गोष्ट मला पहिल्यापासून खुणावत आली. केमो संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनी रोग उलटला, तर तेच कार्बोप्लाटिन पुन्हा दिल्यावर बऱ्याच जणींत ते पुन्हा चालतं. सहा महिन्यांच्या आत उलटला तर मात्र क्वचितच. मग पहिल्या माऱ्यातून वाचलेल्या पेशी वाचल्या कशा? त्यांच्या जनुकांत कायमचा बदल होऊन त्या औषधाला बधत नसत्या, तर दुसऱ्या खेपेलाही बधल्या नसत्या. काही पेशींनी तेवढ्यापुरता वेगळा पवित्रा घेतला आणि नंतर सोडला, असं मानायला जागा उरते. हा पुरावा नाही, संशय आहे. पण माझ्या कामाची दिशा या संशयानं ठरवली.

‘कॅन्सर जीनोम अॅटलस’ या अमेरिकी प्रकल्पानं २०११ मध्ये अशा ४८९ गाठींचा हिशोब मांडला तेव्हा, ज्या गाठींतल्या जनुकांचा क्रम वाचला त्यांपैकी ९६ टक्के गाठींत टीपी५३ हे एकच जनुक बिघडलेलं सापडलं. त्यापलीकडे सगळ्या गाठींना लागू पडेल असा बिघाड हाती लागला नाही. कोण दोन वर्षांत उलटणार आणि कोण दहा वर्षं टिकणार, याचं उत्तर डीएनएच्या नुसत्या अक्षरांच्या क्रमात मिळेना. मग अक्षरांवरच्या खुणांकडे पाहणं आलं.

नातेवाइकांना हे सांगताना मी सातबारा काढते. जमीन तीच, गट नंबर तोच, क्षेत्र तेच. पण ‘इतर हक्कां’त सोसायटीचा बोजा चढला की त्या जमिनीचा व्यवहार अडतो. डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर मिथाइलची बारीकशी रासायनिक खूण चढते, आणि जनुकाच्या सुरुवातीच्या भागात अशा खुणा दाटल्या की अक्षर न् अक्षर जागेवर असूनही ते जनुक गप्प बसतं. वारसांच्या नावावर जमीन झाली तरी बोजा सोबत जातो; पेशी दुभंगली तरी खूण दोन्ही पेशींत उतरते. आणि बोजा उतरवता येतो, ही यातली कामाची बाब. शेतकरी घरातल्या माणसाला हे एका मिनिटात कळतं. शहरातल्यांना फ्लॅटवरचं कर्ज सांगावं लागतं, पण त्यात ती मजा नाही.

एमएलएच१ नावाच्या जनुकाची गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असते. कार्बोप्लाटिनसारखी प्लॅटिनमवर्गातली औषधं डीएनएला चिकटून त्याची मोडतोड करतात. ती मोडतोड ओळखून ‘आता मरायला हवं’ असा निरोप पेशीला देणाऱ्या यंत्रणेत एमएलएच१ असतं. ते गप्प बसलं की पेशी मोडका डीएनए घेऊन तशीच पुढे चालू लागते. ग्लासगोच्या रॉबर्ट ब्राउन यांच्या गटानं २००४ साली दाखवलं की रोग उलटलेल्या १३८ बायकांपैकी ३४ जणींच्या रक्तातल्या डीएनएत एमएलएच१वर अशा खुणा होत्या आणि त्याच बायकांच्या केमोआधीच्या रक्तात त्या नव्हत्या. म्हणजे खुणा मधल्या काळात चढल्या. हा निबंध मी विद्यार्थिदशेत वाचला तेव्हा निष्कर्षानं भारावले होते. आता वाचते तेव्हा कौतुक वाटतं ते त्या मंडळींच्या व्यवहाराचं. मोठी औषधचाचणी आखतानाच त्यांनी रोग उलटल्यावर आणखी एक नळी रक्त घ्यायचं कागदावर लिहून ठेवलं होतं. ती नळी नसती तर हा शोध लागला नसता.

आमच्याकडे अशा चाचण्या मोजक्या, आणि त्यात दुसऱ्या नळीची तरतूद त्याहून मोजकी. आमचा आधार पोटातलं पाणी. रोग उलटला की पुष्कळ जणींच्या पोटात पाणी साठतं, श्वास घेणं जड होतं, आणि सुईनं ते काढावंच लागतं. वॉर्डातून सिस्टरांचा फोन येतो, “मॅडम, अकरा नंबरच्या काकूंचं पाणी काढतायत, येताय का?” हातातलं काम टाकून बर्फाची पेटी घेऊन पळायचं. दोन-तीन लिटर पाणी कॅनमध्ये जमा होतं, कधी गवती पिवळं, कधी रक्ताळलेलं, गढूळ. प्रयोगशाळेत आणून पन्नास मिलिलिटरच्या नळ्यांत भरायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं, तळाशी बसलेल्या गाळातल्या तांबड्या पेशी फोडून टाकायच्या. उरलेल्यातला थेंब स्लाइडवर ठेवून पाहिलं की कर्करोगाच्या पेशी एकेकट्या क्वचितच दिसतात. वीस-पंचवीसांचे, कधी शंभरांचे गोळे तरंगत असतात. त्या गोळ्यांच्या पोटातल्या पेशींपर्यंत औषध नीट पोचत नाही, शिवाय त्यातल्या कितीतरी पेशी दुभंगायच्या थांबलेल्या असतात, आणि केमो तर दुभंगणाऱ्या पेशींवरच अधिक चालते.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच एका रुग्णाच्या पोटातलं पाणी घेऊन त्यातल्या पेशी वाढवल्या आणि २००५ मध्ये दाखवलं की वाढवलेल्या अनेक क्लोनपैकी थोड्यांच्याच अंगी गाठ नव्यानं उभी करण्याची ताकद असते. ज्यांना कर्करोगाच्या मूळपेशी म्हणतात, त्यांचा अंडाशयाच्या कर्करोगातला हा सुरुवातीचा पुरावा. गणेशखिंडीतल्या या केंद्राच्या कामाचा हवाला परदेशी निबंधांत वाचताना बरं वाटतं, हे लपवत नाही.

आता या गाळातून खुणा वाचायच्या कशा? ऑस्ट्रेलियातल्या मॅरिअन फ्रॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली जी युक्ती मांडली तीच आजही चालते. डीएनए सोडियम बायसल्फाइटमध्ये ठेवला की खूण नसलेलं सायटोसिन बदलून युरॅसिल होतं आणि खूण असलेलं तसंच राहतं. मग क्रम वाचला की कुठे खूण होती ते उघड होतं. ऐकायला सोपं. पण बायसल्फाइट डीएनएचे तुकडे तुकडे करतं, आणि फॉर्मेलिननं आधीच खिळखिळ्या झालेल्या जुन्या ब्लॉकमधून आलेला डीएनए असेल तर हाती भुगा लागतो. त्या मानानं पाण्यातल्या ताज्या पेशी गुणी. पण त्यांची वेगळी कटकट. गाळात कर्करोगाच्या पेशींसोबत पोटाच्या अस्तराच्या पेशी असतात, पांढऱ्या पेशी असतात. यंत्र सांगतं: खुणा तीस टक्के. म्हणजे नमुन्यात कर्करोगाच्या पेशी तीसच टक्के आहेत आणि त्या सगळ्यांवर खूण आहे? की सगळ्या पेशी कर्करोगाच्याच आहेत आणि त्यातल्या काहींवर खूण आहे? की प्रत्येकीतल्या जनुकाच्या काही प्रतींवर आहे, काहींवर नाही? आकडा एक आणि अर्थ तीन. त्यातला कोणता खरा हे ठरवण्यात माझे सहकारी जेवढा वेळ घालवतात तेवढा नवीन प्रयोग करण्यात घालवत नाहीत, आणि मला ते योग्यच वाटतं.

हा कीस काढण्यामागे कारण आहे. बीआरसीए१ हे जनुक तुटलेला डीएनए सांधतं. साधारण दर दहा गाठींमागे एकीत ते बिघडलेलं नसतं, पण मिथाइलच्या खुणांनी गप्प झालेलं असतं. अशा गाठीला स्वतःची दुरुस्ती जमत नाही, म्हणून डीएनए-दुरुस्तीची दुसरी वाट अडवणाऱ्या पार्प-रोधक गोळ्या तिथे लागू पडायला हव्यात. ऑस्ट्रेलियातल्या एका गटानं २०१८ मध्ये दाखवलं की जनुकाच्या सगळ्या प्रतींवर खुणा असतील तर गोळी चालते. एक प्रत जरी मोकळी झाली तरी पेशी दुरुस्ती करू लागते आणि गोळी वाया जाते. ही प्रत मोकळी होते कधी? आधीच्या केमोच्या माऱ्याखाली. म्हणजे खणातल्या जुन्या ब्लॉकवर चाचणी केली तर उत्तर ‘खुणा आहेत, गोळी द्या’ असं येईल, आणि आज पोटात असलेली गाठ त्या खुणा कधीच्या झटकून बसलेली असेल. जुन्या नमुन्यावरच्या उत्तरानं आजच्या बाईला महागडी गोळी सुरू होईल. दुसऱ्या नमुन्यासाठी मी भांडते ते यासाठी.

‘ऑस्ट्रेलियन ओव्हेरियन कॅन्सर स्टडी’नं २०१५ मध्ये ९२ रुग्णांच्या गाठींचा संपूर्ण जीनोम वाचला. त्यात पहिल्या गाठीसोबत उलटलेल्या रोगाचे आणि काहींच्या बाबतीत मृत्यूनंतर काढलेलेही नमुने होते. एका बाईत बीआरसीए१वरच्या खुणा गेलेल्या दिसल्या. काहींत औषध पेशीबाहेर फेकणारा पंप जोरात सुरू झालेला. काहींत जन्मतः बिघडलेलं बीआरसीए जनुक गाठीनं परत दुरुस्त करून घेतलेलं, तेही एकाच शरीरात वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या रीतीनं. रोग एकाच वाटेनं उलटत नाही, हे इतक्या स्पष्टपणे तोवर दिसलं नव्हतं. आणि ते दिसलं, कारण त्यांच्याकडे नंतरचे नमुने होते.

नमुन्यांवरून आठवलं. जगभरच्या प्रयोगशाळांत या रोगाचे प्रतिनिधी म्हणून एसकेओव्ही३ आणि ए२७८० या पेशींच्या वाणांवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले. प्लेटमध्ये झपाट्यानं वाढतात, नखरे करत नाहीत, म्हणून सगळ्यांच्या लाडक्या. २०१३ मध्ये या वाणांचे जीनोम खऱ्या गाठींशी ताडून पाहिले, तेव्हा या दोन्ही हाय-ग्रेड सिरसच्या जवळपासही नसल्याचं निघालं. ए२७८०मध्ये तर टीपी५३ धडधाकट! ज्या खऱ्या गाठींशी मिळत्याजुळत्या होत्या त्या पेशी वाढवायला अवघड, म्हणून बाजूला पडलेल्या. एमएलएच१च्या खुणांवरचं प्रयोगशाळेतलं कितीतरी काम ए२७८०च्याच एका औषधाला न बधणाऱ्या पिढीवर झालेलं आहे. ते सगळं फुकट गेलं असं मी म्हणणार नाही, पण निबंध वाचताना पेशी कोणत्या ते मी आधी पाहते, निष्कर्ष नंतर.

बोजा उतरवणाऱ्या औषधांचं काय झालं? अॅझासायटिडीन १९६४ साली प्रागमध्ये तयार झालं. कॅलिफोर्नियात पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी १९८० साली दाखवलं की ते दिल्यावर उंदराच्या साध्या पेशी स्नायूंच्या पेशींचं रूप घेतात, कारण डीएनएवरच्या खुणा उतरतात. त्याचाच भाऊबंद डेसिटाबिन. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत, कार्बोप्लाटिनला न बधणाऱ्या १७ बायकांना आधी थोड्या मात्रेत डेसिटाबिन दिलं, मग कार्बोप्लाटिन. साधारण तिघींमागे एकीची गाठ हटली. आमच्याकडे जर्नल क्लबमध्ये त्या दिवशी चहा दोनदा मागवला गेला. पुढे ब्रिटनमधल्या चाचणीत एका गटाला नुसतं कार्बोप्लाटिन आणि दुसऱ्याला डेसिटाबिनसह कार्बोप्लाटिन दिलं. ती चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. डेसिटाबिन जोडलेल्या गटाला फायदा झालाच नाही, उलट नुसतं कार्बोप्लाटिन बरं ठरलं. २०१४ साली हे छापून आलं. नंतर आलेल्या ग्वाडेसिटाबिनच्या मोठ्या चाचणीतही मुख्य उद्दिष्ट साधलं नाही.

याचं मला पटलेलं कारण असं. ही औषधं एकच बोजा उतरवत नाहीत, दिसेल तो उतरवतात. एमएलएच१वरची खूण उतरली तर बाईचा फायदा. त्याच झपाट्यात बीआरसीए१वरची उतरली तर तोटा. कुणाच्या गाठीत काय चढलंय आणि काय उतरलंय हे त्या दिवशीच्या नमुन्यात पाहिल्याशिवाय सगळ्यांना एकच औषध दिलं, तर कुणाचा फायदा आणि कुणाचा तोटा एकमेकांत जिरून जाणार. या मताला विरोध करणारे सहकारी माझ्या शेजारीच बसतात. त्यांच्या मते दोष मात्रेचा आणि वेळापत्रकाचा. असेलही.

‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द आता व्हॉट्सअॅपवर पोचला आहे. सकारात्मक विचारांनी जनुकं बदलतात, हळदीचं दूध घेतलं की बिघडलेली जनुकं बंद होतात, असले निरोप मला नातेवाईकच पाठवतात. डच दुष्काळात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, गर्भात असलेल्यांच्या डीएनएवर सहा दशकांनंतरही काही खुणांत फरक सापडला, हे खरं आहे. पण तो फरक बारीक, आणि त्याचा अंडाशयातल्या या गाठीशी संबंध जोडायला काहीही आधार नाही. या निरोपांचा मला राग येतो तो त्यांच्या परिणामामुळे. रोग उलटलेल्या बाईला तिची जाऊ विचारते, “पथ्य नीट पाळलं नव्हतंस का?” आणि बाई खरंच आठवू लागते, कधी काय खाल्लं. एमएलएच१वर खूण चढते ती तिच्या ताटामुळे नाही. औषधाच्या माऱ्याखाली ज्या पेशींवर ती होती किंवा चढली, त्या उरल्या, बाकीच्या मेल्या. मी डॉक्टर नाही, सल्ला देत नाही. पण हे एवढं मात्र ठणकावून सांगते.

बायकांच्या पिशवीत एक डायरी असते. तीत तारीखवार सीए-१२५. दर तीन महिन्यांनी आकडा, आणि आकड्याच्या आधीचे आठ दिवस झोप नाही. आकडा चढताच, त्रास सुरू व्हायची वाट न पाहता केमो दिली तर आयुष्य वाढतं का, हे पाहायला युरोपात मोठी चाचणी झाली. २०१० साली निकाल आला. दुसऱ्या फळीची केमो जवळपास पाच महिने आधी सुरू झाली, पण जगण्यात फरक पडला नाही. आधी कळून उपयोग तेव्हाच, जेव्हा कळलेल्यावर करण्यासारखं काही वेगळं असतं. चढलेला आकडा रोग आहे एवढंच सांगतो. या वेळचा रोग कोणत्या वाटेनं आलाय ते सांगत नाही.

संमतीपत्र घेताना मी खोटी आशा लावत नाही. पंढरपूरकडच्या एक मावशी होत्या. मराठीतला चार पानी फॉर्म मुलानं वाचून दाखवला. त्यांनी मला विचारलं, “ह्याचा मला उपेग हाय का, ताई?”

“नाही, मावशी. तुम्हाला नाही.”

“माझ्या लेकीला?”

“लेकीनं रक्ताची वेगळी तपासणी करून घ्यावी, ती डॉक्टर सांगतील. या पाण्याचा तिला लगेच उपयोग होईल असं नाही.”

त्यांनी कॅनकडे पाहिलं. “मग न्या की. न्हाईतरी मोरीतच वतणार व्हते.” आणि अंगठा उठवायला हात पुढे केला.

नव्या प्रकल्पाच्या आराखड्यात आम्ही दुसरा नमुना पहिल्या पानावर लिहिला आहे. एथिक्स कमिटीनं खरमरीत प्रश्न विचारले. जिला यातून काही मिळायचं नाही तिच्या पोटात जादा सुई का? रक्तस्राव झाला तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त होते. मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारले असते. तडजोड अशी झाली की केवळ संशोधनासाठी सुई घालायची नाही. उपचारासाठी पाणी काढलं जाईल किंवा डॉक्टरांना बायोप्सी हवी असेल तेव्हाच त्यातला वाटा घ्यायचा, आणि जोडीला दोन नळ्या रक्त. ज्यांच्या पोटात पाणी भरत नाही त्यांच्याबाबत फक्त रक्तावर भागवायचं. यामुळे आमच्या नमुन्यांत एका तऱ्हेच्या रुग्णांचं पारडं जड राहील, हे मी आराखड्यातच लिहून दिलं आहे. सध्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. पाणी बहुधा शुक्रवारी दुपारनंतर काढलं जातं, म्हणून शनिवारी कुणी रजा मागायची नाही, असा नियम त्यांनीच केला. तो मोडण्यावरून भांडणंही त्यांचीच होतात.